सात डावीकडे, सात उजवीकडे

नानांनी उभं आयुष्य जमीन मोजण्यात घालवलं, पण कुठल्याच जमिनीने त्यांच्याशी असा उभा दावा मांडला नव्हता. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेली. टेकड्या मोजल्या, नदीकाठ मोजले, एकदा तर गुडघाभर दलदलीत उभं राहून हद्दीचे दगड बसवले. आणि आता लेकीच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या बारा बाय चौदाच्या खोलीत, लाकडी फळ्यांवर गुडघे टेकून ते बसले होते आणि एक पाच फुटी स्टँड त्यांना दाद देत नव्हता.

स्टँड माशांच्या टाकीचा. टाकी पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. भरली की चारशे लिटर पाणी. काच, वाळू आणि स्टँड धरून वजन साडेपाचशे किलोच्या घरात. एवढा भार जरा तिरका बसला, तर काचेच्या एकाच जोडावर ताण येत राहतो, आणि आज ना उद्या तो जोड सुटतो. खाली जावयाची बेकरी होती. नेमक्या या खोलीखाली पिठाची पोती रचलेली असत. म्हणजे जोड सुटला असता तर सगळं पीठ एका दमात मळून निघालं असतं, असं जावई स्वतःच म्हणाले होते.

टाकी मुळात नानांच्या बायकोची. ती आठ महिन्यांपूर्वी गेली. मागे राहिले नाना, टाकी आणि टाकीतले दोन गोल्डफिश. एक तळहाताएवढी, संथ, पोट सुटलेली, तिचं नाव शेटाणी. दुसरा सडपातळ, दिवसभर या काचेपासून त्या काचेपर्यंत गस्त घालणारा, तो हवालदार. दीड महिन्यापूर्वी लेक नानांना आपल्याकडे घेऊन आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, की टाकीही येईल. सध्या शेटाणी आणि हवालदार खाली जिन्याजवळ अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात दिवस काढत होते. हवालदाराची गस्त आता गोल झाली होती.

पण खरी गोष्ट टाकीची नव्हतीच. तीन आठवड्यांपूर्वी नाना केस कापायला गेले आणि परत येताना कोपऱ्यावर डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळले. अर्धा तास एका परक्या घराच्या फाटकाशी किल्ली लावत उभे होते. शेवटी त्या घरातल्या बाईंनी त्यांना चहा पाजून, पत्ता विचारून आणून सोडलं. नानांनी ही गोष्ट हसून सांगितली. लेक हसली नाही. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रक्ताच्या नळ्यांवर दिवसभर नजर ठेवणाऱ्या बाईला हसण्यावारी नेणं जमत नसतं. तिने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे सोमवारी अकराची वेळ घेतली. विसराळूपणाची तपासणी, एवढंच, असं ती म्हणाली.

नानांनी त्यावर सौदा केला.

"सोमवारपर्यंत टाकी सपाट बसवून दाखवतो, छकू. माझ्या हाताने आणि माझ्या मोजमापाने. बसली, तर डॉक्टरीणबाईंना नको म्हणून कळवायचं."

छकू बेचाळीस वर्षांची होती, पण बापापुढे वय चालत नाही. तिने विचारलं, "आणि नाही बसली तर?"

"तर तू नेशील तिथे येईन. तोंडातून शब्द काढणार नाही."

लेकीने मान डोलावली. ज्या माणसाने नदीकाठ मोजले त्याला पाच फुटांचा स्टँड कितीसा जड, असं तिला वाटलं असावं. नानांनाही तेच वाटलं होतं.

शुक्रवारी दुपारी पहिलं माप झालं. मदतीला जावई आले. ते पहाटे तीनला भट्टी पेटवत आणि दुपारी एकला मोकळे होत. माणूस दिलदार आणि अंगाने एकशेदहा किलो. आपल्या पावाची जाहिरात आपणच करतो, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. नानांची खाट आणि स्टँड यांच्यामध्ये जी फट होती तीतून जावई जाणं शक्य नव्हतं, म्हणून ते दाराशीच, स्टँडच्या डाव्या टोकाला उभे राहिले. नानांनी आपली जुनी पाणसळ काढली. शिसवी लाकडाची, पितळी पट्टीची, मधल्या काचनळीत बुडबुडा. ती स्टँडच्या मधोमध ठेवून ते समोर गुडघ्यांवर बसले. पुढे-मागे सगळं ठीक होतं. भानगड लांबीत होती. डावी बाजू पाच मिलिमीटर खाली.

त्यांच्याजवळ प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या होत्या, बरोबर एकेक मिलिमीटर जाडीच्या. जावयांनी डावं टोक एका हाताने उचललं, नानांनी पायांखाली पाच-पाच चकत्या सरकवल्या. बुडबुडा मधोमध आला आणि स्थिर झाला.

"बसला ना?" नानांनी विचारलं.

"बसला," जावई म्हणाले.

नानांनी वहीत नोंद केली. ही वही म्हणजे त्यांची जुनी सवय. रकाने ठरलेले: वार, वेळ, माप, पट्टी धरणारा, शेरा. मोजणी खात्यात दुर्बिणीतून बघणारा एक आणि लांबवर उभी पट्टी धरणारा दुसरा, अशी जोडी असे. पट्टी धरणारे नाना तऱ्हांचे. कुणी ती किंचित मागे कलती धरी, कुणाला उभ्या उभ्या डुलकी लागे. चूक दोन महिन्यांनी नकाशावर उघडकीला आली, की कोणाच्या हाताने झाली ते कळावं म्हणून त्याचं नाव लिहून ठेवायचं, असा शिरस्ता होता. इथे ना दुर्बीण ना पट्टी. पण हाताला वळण पडलेलं. त्यांनी लिहिलं: शुक्रवार, १.२०, डावी ५ खाली, चकत्या डावीकडे ५, पट्टी धरणारा: जावई, शेरा: ठीक.

माप एक रात्र झोपवून सकाळी पुन्हा तपासायचं, हाही त्यांचाच नियम. शनिवारी लेकीला सुट्टी होती. जावई खाली भट्टीपाशी अडकले होते, म्हणून ती आली. बारीक आकडे वाचायला तिला उजेड लागे. ती खाटेच्या कडेने आत जाऊन खिडकीशी, स्टँडच्या उजव्या टोकाला उभी राहिली. नाना पुन्हा मधोमध गुडघ्यांवर. त्यांनी पाणसळ ठेवली, आणि बुडबुडा सरळ डावीकडे पळाला. म्हणजे उजवी बाजू खाली. मोजली. सात मिलिमीटर.

नानांनी पाणसळ उचलून टोकं उलटी केली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. यंत्रात खोट असेल तर उलटवल्यावर माप बदलतं. माप बदललं नाही. सातच.

"काल डावी बाजू खाली होती ना?" लेकीने विचारलं.

नानांनी वही दाखवली. लेकीने ती दोनदा वाचली आणि मग रुग्णाला सुई टोचण्याआधी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "नाना, कदाचित काल लिहिताना डाव्याच्या जागी—"

"बुडबुडा मध्ये आला होता. तुझ्या नवऱ्याने पाहिला."

खाली जिन्यात जाऊन तिने नवऱ्याला विचारलं. ते वरपर्यंत ऐकू आलं. जावई म्हणाले, "नाना बसला म्हणाले, म्हणून मीही बसला म्हणालो. मला काय कळतंय त्यातलं? मला कणीक फुगली की कळतं."

साक्षीदार असा निघाल्यावर नाना कागदावर हिशोब मांडायला बसले, आणि हिशोब त्यांच्यावरच उलटला. समजा उजवी बाजू मुळात दोनच मिलिमीटर खाली होती. समजा काल त्यांनी उजवीला डावी समजून चुकीच्या टोकाखाली पाच चकत्या घातल्या. दोन आणि पाच, सात. आजचं माप चोख जुळत होतं. लेकीच्या संशयाला आकड्यांचा आधार होता. त्यांच्या बाजूने होती फक्त एका बुडबुड्याची आठवण. आणि आठवणीचाच तर वाद होता.

त्यांनी मुकाट्याने डावीकडच्या पाचही चकत्या काढल्या, उजवीकडे दोन घातल्या. बुडबुडा मधोमध आला. या वेळी त्यांनी लेकीला वाकायला लावून तो दाखवला. तिने पाहिला, हो म्हणाली. नोंद झाली. पट्टी धरणारा: लेक.

त्याच दुपारी सुतार आला. स्टँड त्यानेच बनवला होता. टाकीखाली घालायची फोमची चादर त्याच्या काखेत होती, आणि बेकरीतली दोन माणसं घेऊन टाकी चढवून देण्याचं त्याने कबूल केलं होतं. डाव्या-उजव्याची कथा त्याच्या कानावर आधीच गेली असावी, कारण जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच त्याने विचारलं, "काय नाना, नाचता येईना अंगण वाकडं?"

"तुझा स्टँड वाकडा नसला म्हणजे मिळवली," नाना म्हणाले.

"माझा स्टँड सरळ आहे. हवं तर उलटा करून त्यावर झोपून दाखवतो."

खोलीत जागा नव्हती, म्हणून सुतार आणि त्याची माणसं बाहेर जिन्याच्या माथ्यावर थांबली. जावई आत आले, दाराशी उभे राहिले. टाकी चढवण्याआधी शेवटची खातरी म्हणून नानांनी पाणसळ ठेवली.

डावी बाजू सात मिलिमीटर खाली.

सकाळी सात उजवीकडे, दुपारी सात डावीकडे. आकडा तोच, बाजू उलटी. सकाळी बुडबुडा मधोमध आल्यानंतर चकत्यांना कुणी हात लावला नव्हता. त्यांनी वाकून मोजल्या, उजवीकडे दोनच होत्या. जर सकाळी डावीला उजवी समजलो असेन तर लेकीने पाहिलेल्या बुडबुड्याचं काय? जर आत्ता डावी-उजवी उलट दिसत असेल तर मग शुक्रवारी काय दिसलं होतं? डोक्यात सगळ्या खुणा एकमेकींत मिसळल्या, आणि त्या गोंधळात त्यांना ते परकं फाटक आठवलं, हिरव्या रंगाचं, आणि कुलपात न फिरणारी किल्ली.

सुतार म्हणाला, लाकडाचा काही भरवसा नसतो, ते हवेबरोबर रुसतं-फुगतं. पण सकाळपासून दुपारपर्यंत सात मिलिमीटर रुसणारं लाकूड त्यानेही पाहिलं नव्हतं. जावई म्हणाले, खालच्या कणीक मळायच्या यंत्राने हादरे बसत असतील. यंत्र बंद केलं. बुडबुडा जागचा हलला नाही. टाकी पुन्हा भिंतीकडेच्या गोधडीवर राहिली, सुतार फोमची चादर ठेवून गेला, आणि जाताना त्याने विनोद केला नाही. नानांना ते जास्त लागलं.

सगळे गेल्यावर नानांनी दार लोटून एकट्याने मोजलं. डावी तीन खाली. उठून पाणी प्यायले, पुन्हा मोजलं. तीन. पाणसळ उलटवली. तीन. हा तर तिसराच आकडा, सात नाही आणि शून्यही नाही. पण हटून बसावा तसा तो बसला. एकटे असले की तीन. माणसं आली की भलतंच काहीतरी. यातून त्यांनी जो अर्थ काढला तो कुणालाही पटला असता: आपण चारचौघांत भांबावतो. एकांतात डोकं ठिकाणावर असतं, कुणी शेजारी उभं राहिलं की ते सुटतं. त्या दिवशी कोपऱ्यावर वळतानाही मागून दोघं बोलत येत होते, हे त्यांना आत्ता आठवलं. त्यांनी तिन्ही नोंदी केल्या, धरणाऱ्याच्या रकान्यात आडवी रेघ मारली, आणि संध्याकाळी जेवताना टाकीचं नावही काढलं नाही. लेकीनेही काढलं नाही.

रविवारी सकाळी ते वही घेऊन खाटेवर बसले. चुकलेलं माप खोडायचं नाही, त्यावर एकच सरळ रेघ मारायची आणि शेऱ्यात कारण लिहायचं, असा खात्याचा नियम. कारण त्यांनी मनात ठरवलं होतं: निरीक्षकाचा दोष. चौतीस वर्षांत हे शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या वह्यांत खूपदा लिहिले होते, स्वतःच्या वहीत कधीच नाही. पट्टी लावून त्यांनी पहिल्या ओळीवर पेन टेकवलं.

रेघ मारण्याआधी मापं एका पायावर आणायची, हेही त्या नियमातच होतं. म्हणजे चकत्यांचा हिशोब वजा करून नुसती जमीन काय म्हणते ते बाजूला लिहायचं. शुक्रवार: चकत्या नव्हत्या, डावी पाच खाली. शनिवार सकाळ: उजवी सात, त्यातले पाच चकत्यांमुळे, उरली उजवी दोन. शनिवार दुपार: डावी सात, त्यातले दोन चकत्यांमुळे, उरली डावी पाच. एकट्याने: तीनातले दोन गेले, डावी एक. पुन्हा एक. पुन्हा एक.

पाच, उजवी दोन, पाच, एक, एक, एक.

आणि शेजारच्या रकान्यात: जावई, लेक, जावई, रेघ, रेघ, रेघ.

नानांनी पेन उचललं. जावई, पाच. जावई, पाच. दोन वेगळे दिवस, चकत्या वेगळ्या, माणूस तोच आणि आकडाही तोच. भांबावलेला माणूस इतका नेमका भांबावत नाही.

त्यांनी खाटेवरूनच हाक मारली. जावई वर येईपर्यंत त्यांनी टाकीतलं पाणी उपसायची नितळ नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि तिची दोन टोकं स्टँडच्या दोन बाजूंना उभी बांधली. गवंडी लोक भिंतीची पातळी अशीच काढतात. पाणी कुणाची भीड धरत नाही. पाणसळीवर आणि स्वतःवर त्यांचा आत्ता सारखाच अविश्वास होता. लेकीला त्यांनी स्टँडच्या मधोमध बसवलं आणि सांगितलं, दोन्ही टोकांना पाणी कुठवर आहे ते वाच, फरक काढ, आणि मी विचारेपर्यंत बोलू नकोस. ते स्वतः स्टँडकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"नाना, हे काय चाललंय?" लेकीने विचारलं.

"तू प्रयोगशाळेत नळीवर नाव न वाचता तपासतेस ना? तसंच. जावईबापू, दाराशी उभे राहा." आणि मागे न बघता ते म्हणाले, "डावी बाजू सात खाली. आता वाच."

लेकीने पट्टीने मोजलं. पाणी नळीत हललं होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. "डावी. सात," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला.

"आता खाट ओढा आणि खिडकीशी जा. उजवी बाजू दोन नाहीतर तीन खाली."

जावयांनी खाट सरकवली आणि अंग चोरत खिडकीशी गेले. फळ्या कुरकुरल्या. नळीतलं पाणी डाव्या टोकाला उतरलं, उजव्या टोकाला चढलं, जणू कुणी स्टँडची एक बाजू हलकेच दाबत होतं. लेकीने मोजलं. उजवी, अडीच.

"म्हणजे मीच होय," जावई म्हणाले. "दोन दिवस मी जमीन दाबत होतो, आणि दोष तुमच्या डोळ्यांवर. मला आधी नाही का सांगायचं, बाहेर उभा राहिलो असतो."

"तुम्ही एकटे नाही. काल सकाळी छकू खिडकीशी होती. जो जिथे उभा, तिथली जमीन खाली. फळ्यांखालच्या तुळया भट्टीच्या उष्णतेने वाळून, आकसून खाचांत सैल झाल्यात. आम्ही माणसासकट जमीन मोजत होतो." नाना भिंतीकडे तोंड करूनच हसले. गेल्या तीन आठवड्यांत ते असे हसले नव्हते. "आता शेवटचं. मधोमध या, छकूच्या मागे. उजवी बाजू तीन खाली."

जावई मध्ये आले. लेक वाकली, मोजलं, पुन्हा मोजलं.

"डावी," ती म्हणाली. "तीन. डावी."

"तेच म्हणालो मी."

"उजवी म्हणालात."

मग नाना वळले. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "पाठ करून उभा होतो ना. स्टँडची डावी ती माझी उजवी," ते म्हणाले.

"हो की," जावई म्हणाले. "पाठ केली की उलटंच होणार."

लेकही हो म्हणाली. पण ती नळीची गाठ आवळत होती आणि बघत होती बापाकडे. आणि नानांना दिसलं की तिला कळलंय.

पुढचे दोन तास मात्र मजेत गेले. नानांनी जावयांना सबंध खोलीभर फिरवलं. इथे उभे राहा, तिथे उभे राहा, जरा उडी मारा. जावई म्हणाले, लग्नाआधी मुलगी बघायला आलो होतो तेव्हाही मला इतकं फिरवून बघितलं नव्हतं. एका ठिकाणी मात्र पाणी सूतभरही हललं नाही: आतल्या भिंतीलगत, जिथे खाली बेकरीची दगडी भिंत तुळयांना आधार देत होती. नेमकी तिथे नानांची खाट होती. खाट खिडकीशी गेली, स्टँड भिंतीशी आला. "माझ्याखाली वाकली तर वाकू दे," नाना म्हणाले, "मी काही चारशे लिटरचा नाही."

सुताराला बोलावणं गेलं. सगळी माणसं खोलीबाहेर काढून नानांनी एकट्याने अखेरचं माप घेतलं, दोन चकत्या घातल्या, आणि मगच टाकी चढली. दुपारभर थांबत थांबत पाणी भरलं. तिसरा हिस्सा भरला की थांबायचं, काचेवरच्या खुणेशी पाणी ताडून बघायचं. सुतार दारातून म्हणाला, "म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं म्हणायचं." आणि या वेळी त्याच्या आवाजात थोडी क्षमा होती.

सोमवारी सकाळी पाणी दोन्ही टोकांना खुणेच्या रेघेवर होतं. शेटाणी आणि हवालदार अजून पिंपातच होते, पाणी निवळायला दोन दिवस लागणार होते. लेक चहा घेऊन वर आली. तिने पाण्याकडे पाहिलं आणि कप ठेवत म्हणाली, "जिंकलात. डॉक्टरीणबाईंना कळवते, नको म्हणून."

"थांब," नाना म्हणाले. "काल तिसऱ्या वेळी मी उजवी म्हणालो."

"पाठ होती ना तुमची."

"पहिल्या दोन वेळाही पाठच होती. तेव्हा मी स्टँडची बाजू सांगत होतो, माझी नाही. दोन्ही बरोबर आल्या. मग तिसऱ्याच वेळी का उलटलो?"

लेक खाटेवर बसली. फळ्या थोड्या दबल्या. "नाना, होतं असं. कुणाचंही होतं."

"होत असेल. किंवा नसेल. मला खरंच माहीत नाही, छकू." त्यांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत. "काल दिवसभर तेच मनात घोळवून पाहिलं. कधी वाटतं नुसता घाईत बोललो. कधी ते हिरवं फाटक आठवतं. जमीन वाकडी होती हे सिद्ध झालं. पण अंगण वाकडं निघालं, म्हणून नाचता येतं असं होत नाही."

लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एकट्याने मोजलं तेव्हा मला प्रत्येक वेळी तेच माप आलं," नाना म्हणाले. "आणि तरी अर्थ मी चुकीचाच लावला. बघायला दुसरं कुणी लागतं."

खालून जावयांनी हाक मारली, वर येऊ का आणि आलो तर कुठे उभा राहू. कालपासून ते हे विचारूनच येत होते. भिंतीशी, असं नानांनी ओरडून सांगितलं.

मग त्यांनी वही उघडली. शुक्रवार-शनिवारच्या नोंदी जशाच्या तशा होत्या, एकीवरही रेघ नव्हती. त्याखाली त्यांनी नवी ओळ लिहिली: सोमवार, ११.००. मापाचा रकाना मोकळा सोडला. पट्टी धरणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, लेक. पेन शेऱ्याच्या रकान्यापाशी नेलं आणि तिथूनच परत घेतलं. शेरा मोजून झाल्यावर लिहायचा असतो.

"चल," ते म्हणाले. "कोपऱ्यावर मला सांगू नकोस हं, कुठे वळायचं ते. नुसती बरोबर चाल."